नव्व्याण्णव असेल तर रिकामं

मामाआजोबांना रविवारी नव्व्याण्णव पूर्ण झाली, आणि बुधवारी सिस्टर आली नाही.

चार वर्षं दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी दहाला सिस्टर यायची, त्यांच्या डाव्या नडगीवरची जखम धुवायची, मलम लावून पट्टी बांधायची आणि वर बोलणी खाऊन जायची. मामाआजोबा आयुष्यभर छापखान्यात बाइंडर होते. पुठ्ठा असो की पट्टी, घडीवर घडी बसली नाही की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "हे काय बांधलंयस? कोणी उघडलं तर पानं गळतील." सिस्टर म्हणायची, "आजोबा, तुमचा पाय वाचायला मी सोडून कोण येतंय?"

त्या बुधवारी तीही आली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मावशी, म्हणजे मामाआजोबांची मुलगी, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, दाराशी खुर्ची टाकून बसली. दुपारी सिस्टरऐवजी पत्र आलं. 'आमच्या नोंदीनुसार आपल्याला गृहभेटीची गरज नाही. आपल्या उत्तम आरोग्याबद्दल अभिनंदन.' मामाआजोबांनी ते भिंगातून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं कळवलं. मला कल्पनाच नव्हती."

ही सगळी हकिगत खोडरबरला कळायला पंधरा दिवस लागले. खोडरबर ही मावशीच्या मामेबहिणीची की आतेबहिणीची मुलगी, हे दर वेळी नव्याने मोजावं लागायचं, म्हणून दोघींनी 'मावशी' आणि 'अगं' यावर भागवलं होतं. खोडरबर हे तिचं ऑफिसातलं नाव. ज्या खात्याने ते अभिनंदन पाठवलं होतं, त्याच गृहभेट खात्यात ती माहिती साफ करायची. फॉर्मात कोणी 'पुरुष'च्या जागी 'हो' लिहिलं, कोणी वजनाच्या चौकटीत फोन नंबर घातला, की ते शोधून खोडायचं. तिची आई नातेवाइकांना सांगायची, "ती ऑफिसात साफसफाईचं बघते," आणि एका काकूंनी तिला वाढदिवसाला रबरी हातमोजे दिले होते.

"मावशी, पण मला फोन नाही का करायचा?" त्या रविवारी भेटायला आलेली खोडरबर म्हणाली.

"तुला कशाला त्रास? मी थेट तुमच्या ऑफिसातच केला की. इतका गोड माणूस बोलला! म्हणाला, काळजी करू नका, आजोबांचं हे विश्रांतीचं वर्ष आहे."

"कसलं वर्ष?"

"विश्रांतीचं. नव्व्याण्णव लागलं की भेटी थांबतात. शंभर लागलं की परत सुरू. नियम आहे."

"मावशी, असा काही नियम नाहीये."

"तू तिथे किती वर्षं आहेस?"

"दोन."

"तो बारा वर्षं आहे," मावशी म्हणाली, आणि विषय संपला.

मामाआजोबा पलंगावर पाय उशीवर ठेवून बसले होते. पट्टी मावशीने बांधलेली. तिचे हात कापतात, त्यामुळे पट्टी नडगीवर सुरू होऊन कशीबशी घोट्यापर्यंत पोचली होती. खोलीत एक गोडसर, जड वास होता. खिडकी उघडी होती तरी तो जात नव्हता. दवाखान्यातून डॉक्टर घरी बोलवायचा तर गृहभेट खात्याची चिठ्ठी लागते, आणि खात्याच्या लेखी आजोबा ठणठणीत. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर पाय खाली सोडला की ते ओरडायचे, आणि ओरडून झालं की म्हणायचे, "मी कुठेही येत नाही."

"आजोबा, दुखतंय का?"

"साडेअकरा महिने राहिलेत," ते म्हणाले. "काढतो."

सोमवारी सकाळी खोडरबर ऑफिसात पोचली तेव्हा त्या आठवड्याची यादी निघून गेली होती. यादी दर सोमवारी सातला आपोआप निघते. ती काढणाऱ्या कोडला ऑफिसात सगळे 'चाळणी' म्हणत. तिच्यात सहा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत डावीकडे एक अट, उजवीकडे एक निकाल. वय ऐंशी किंवा जास्त आणि उघडी जखम असेल, तर आठवड्यातून दोनदा. वय ऐंशी किंवा जास्त आणि एकटं राहत असेल, तर एकदा. अशा पाच अटी. माणूस वरून आत टाकायचा. ज्या ओळीची अट लागू पडेल तिथे तो थांबतो आणि त्याच्या कॉलमात निकाल लिहिला जातो. एकही लागू पडली नाही तर शेवटची ओळ. बाकी सगळे: गरज नाही.

चाळणी खोडरबरनेच लिहिली होती, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. त्याआधी चार माणसं तीन दिवस बसून हाताने याद्या करायची. चाळणी ते काम अकरा सेकंदांत करायची. त्या चार माणसांनी तिच्यासाठी पेढ्यासारखा चेहरा करून टाळ्या वाजवल्या होत्या आणि मग त्यांची बदली झाली होती.

तिने मामाआजोबांची नोंद उघडली. जन्मतारीख बरोबर. जखम: उघडी. सोबत: मुलगी, एकाहत्तर. वय: काहीच नाही. रिकामी चौकट.

ती त्या चौकटीकडे बघत बसली. वय तर मशीन जन्मतारखेवरून दर आठवड्याला स्वतः काढतं, मग ते गेलं कुठे? तिने चाळणीच्या वरचा, साफसफाईचा भाग उघडला आणि खाली सरकवत गेली. चौदाव्या ओळीत ते सापडलं. वय नव्व्याण्णव असेल तर रिकामं कर.

तिला तो दिवससुद्धा आठवला. जुन्या कागदी फॉर्मांत वयाला दोनच घरं होती. वय माहीत नसेल तर तपासनीस 99 लिहायचा, म्हणजे 'काय माहीत'. जुनी यादी नव्या यादीत मिसळताना तिने हिशोबाने ते सगळे 99 पुसले, नाहीतर गावभर नव्व्याण्णव वर्षांची माणसं झाली असती. तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. खरोखरच नव्व्याण्णव वर्षं जगलेला एखादा माणूस असू शकतो, हे तेव्हा चोवीस वर्षांच्या तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आणि रिकामी चौकट ऐंशीपेक्षा मोठी आहे का, असं त्या भाषेला विचारलं तर ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ती म्हणते, काय माहीत. चाळणीत 'काय माहीत'ला ओळ नव्हती. माणूस पाचही अटींवरून घरंगळत खाली जायचा आणि शेवटच्या ओळीत पडायचा. गरज नाही. अभिनंदन.

अठ्ठ्याण्णवला भेट, शंभरला भेट. मध्ये एक वर्ष खड्डा.

ती उठली आणि फोनच्या खोलीत गेली. तिथे मधाळ बसायचा. बारा वर्षं तक्रारींचे फोन घेऊन त्याचा आवाज इतका मऊ झाला होता की घरी तो जेवण वाढा म्हणाला तरी बायकोला वाटायचं कोणीतरी गेलं.

"विश्रांतीचं वर्ष काय आहे?" तिने विचारलं.

"का? छान आहे ना नाव?"

"तुम्ही ठेवलंत?"

"मग काय करू बाई? दीड वर्षापूर्वी एका मागोमाग सात फोन. सातही नव्व्याण्णव. एक मुलगा तर फोनवर रडत होता, आणि तो मुलगा बहात्तरचा. काहीतरी सांगायला नको? मला वाटलं वरून नियम आला असेल."

"वरून कुठून?"

"तुमच्या चाळणीतून," मधाळ म्हणाला. "चाळणी उगाच करेल का?"

तिथून ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम खात्याच्या प्रमुख. अकरा वाजले होते, त्यामुळे त्या डब्यातली काकडी खात होत्या. खोडरबरने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मॅडमनी तोंडातली काकडी संपवली, हात पुसले, कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यापुढे सरकवली. आत एक परिपत्रक होतं. 'नव्व्याण्णव वर्षांच्या नागरिकांसाठी विश्रांती वर्ष: मार्गदर्शक सूचना.' चार पानं. दुसऱ्या पानावर कारण दिलं होतं, की या वयात प्रकृती स्थिरावलेली असते आणि वारंवार भेटींनी मनःशांतीत बाधा येते. खाली सात सह्या.

"मॅडम, हे कोणी ठरवलं?"

"ठरवलं असं नाही. लोकच म्हणायला लागले, विश्रांती वर्ष, विश्रांती वर्ष. म्हटलं आपल्याकडे कागदावर काहीच कसं नाही? तपासणी आली असती तर? मग तुझ्या यादीशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं."

"जुळणारच ना! माझी यादीच चुकलेली होती."

"तेव्हा असेल. आता परिपत्रक आहे, म्हणजे यादी बरोबर आहे."

"त्यांच्या पायाला वास येतोय, मॅडम."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. खात्यात कोणी आजारी पडलं तर त्या स्वतः फोन करून विचारायच्या, आणि फोनच्या शेवटी रजेचा अर्ज मागायच्या. "नियम बदलायला समिती लागते," त्या म्हणाल्या. "समिती पुढच्या महिन्यात. मी विषय घालते. पहिलाच घालते, बस?"

खोडरबर जागेवर परत आली आणि मोजायला बसली. दुसरं काही सुचलं नाही की ती मोजायची. दोन वर्षांत नव्व्याण्णव पूर्ण झालेली माणसं तेवीस. त्यांतली आठ शंभरी पार करून यादीत परत आलेली, जशी काही गावाला जाऊन आली होती. पाच अजून नव्व्याण्णवात, त्यांत एक मामाआजोबा. राहिले दहा.

त्या दहांच्या नोंदींत शेवटच्या कॉलमात 'बंद' असं होतं. काहींना जखम होती, काहींना श्वासाचा त्रास, दोघी एकट्या राहणाऱ्या. ती नोंदी वाचत गेली. नव्व्याण्णव वर्षांची माणसं जातातच. सिस्टर आली असती तरी गेली असती, कदाचित. कदाचित चार जण राहिले असते, कदाचित एक, कदाचित कोणीच नाही. ती कुठल्याही कॉलमवर कुठलीही अट लावू शकत होती, पण हे कळायला लागेल असा कॉलमच नव्हता. तिचा चहा समोर थंड झाला, वर साय धरली, आणि तो तिने तसाच पिऊन टाकला.

दुपारी मावशीचा फोन आला. "अगं, पाय जरा काळपट दिसतोय. जखमेच्या कडेला. औषधाच्या दुकानातल्यानं एक मलम दिलंय."

"लावू नकोस. थांब जरा."

"थांबलेच आहे मी पंधरा दिवस. ऐक, माझ्या डोक्यात एक आलंय. तू तिथेच बसतेस ना? मग त्यांना शंभर करून टाक."

"म्हणजे?"

"जन्माचं साल एकाने मागे घे. कोण बघतंय? माझी आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. लग्नात तिने स्वतःचं वय तीनने कमी सांगितलं होतं, काही आभाळ कोसळलं नाही."

खोडरबरने फोन ठेवला आणि नोंद उघडली. जन्मसालाची चौकट. शेवटचा आकडा निवडलेला, निळा. एक आकडा बदलायचा, यादी पुन्हा काढायची, बुधवारी सिस्टर दारात. तिने बोट कळीवर ठेवलंही. पण त्या नोंदीखाली स्क्रीनवर बाकीच्या चार नोंदी होत्या, कारण नव्व्याण्णवची यादी तिनेच काढून ठेवली होती. निवृत्त शिंपी, पाठीला झोपून जखमा. कोणाची तरी आजी, ऑक्सिजन, सोबत: कोणी नाही. त्यांनाही शंभर करावं, तर पाच जणांना एका दिवशी शंभर कशी लागली हे मधाळसुद्धा विचारेल, आणि पुढच्या आठवड्यात सहावा नव्व्याण्णवचा होईलच. चौदावी ओळ तिथेच राहणार. चौदावी ओळ गुपचूप काढली, तर यादी परिपत्रकाशी जुळणार नाही, मग मॅडम ती यादी सिस्टरकडे जाऊच देणार नाहीत.

ती परत केबिनमध्ये गेली. या वेळी बसली.

"मॅडम, नियम बदलायला समिती लागते. चूक दुरुस्त करायला काय लागतं?"

मॅडमनी चष्मा काढला. "चूक करणारा लागतो," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीचा वेगळा फॉर्म आहे. चूक काय, कधीपासून, कोणाची, किती जणांवर परिणाम. सही. मग समितीची गरज नाही, मी आजच्या आज मंजूर करू शकते. पण तो फॉर्म कोणी भरत नाही."

"का?"

"वेडी आहेस का? परिपत्रकावर सात सह्या आहेत. तू 'चूक' लिहिलंस की त्या सात जणांनी चुकीवर सही केली, असं होतं. ते सगळे तुझ्याकडे बोट दाखवणार. आणि 'किती जणांवर परिणाम' तिथे तू काय लिहिणार?"

"तेवीस."

"पाच लिही. जे आहेत ते. बाकीच्यांना आता काय फरक पडतो?"

खोडरबरने फॉर्मसाठी हात पुढे केला.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय. तेवीस लिहिलंस तर कोणीतरी विचारणार, त्यांतले दहा कुठे आहेत? नव्व्याण्णवाव्या वर्षी माणसं जातात, बाळा. त्याला तुझी ओळ कशाला हवी?"

"मला पण तेच वाटतंय," खोडरबर म्हणाली. "पण मला माहीत नाही."

फॉर्म पिवळा होता. इतका जुना की वर कोपऱ्यात खात्याचं आधीचं नाव होतं. 'चूक कोणाची' इथे तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि ऑफिसात दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ते वाचलं. मॅडम म्हणाल्या, "हे तुझं नाव आहे?" 'किती जणांवर' इथे तेवीस लिहिलं. अक्षरांतही लिहायचं होतं, तेही लिहिलं. सही केली. मॅडमनी शिक्का शोधला, तो दोन कपाटांत नव्हता, तिसऱ्यात सापडला, शाई वाळलेली होती. त्यांनी त्यावर थुंकी लावली आणि मंजुरी दिली. मग म्हणाल्या, "उद्यापासून कदाचित तू इथे नसशील," आणि डब्यात उरलेली काकडीची एक फोड तिच्यापुढे धरली. तिने घेतली. काय करणार?

चौदावी ओळ बदलून 'जुन्या फॉर्मातलं वय नव्व्याण्णव असेल, तरच रिकामं' अशी केली, आणि चाळणीत शेवटून दुसरी एक नवी ओळ घातली. वय रिकामं असेल, तर फोन करून विचारा. अकरा सेकंदांत यादी निघाली. पाच नावं वर आली. मंगळवारी ती ऑफिसात आली तेव्हा तिच्या खुर्चीवर चौकशीचं पत्र होतं, आणि मधाळ त्याच्या सगळ्यात मऊ आवाजात म्हणाला, "काही लागलं तर सांग हं," म्हणजे तिचं काही खरं नव्हतं.

बुधवारी तिने रजा टाकली आणि सकाळी नऊलाच मावशीकडे गेली. वास जिन्यातच आला.

सिस्टर दहाला आली, नेहमीसारखी, बॅग खांद्यावर, दारातूनच बोलत. "काय आजोबा, विश्रांती झाली का? मला तर वाटलं तुम्ही दुसरी सिस्टर..." आणि खोलीत पाऊल टाकल्यावर ती थांबली. बॅग खाली ठेवली, हात धुवून आली, गुडघ्यावर बसून पट्टी सोडायला लागली. शेवटचा पदर जखमेला चिकटला होता. तिने तो पाण्याने भिजवला आणि थांबली. मामाआजोबांनी डोळे मिटून घेतले होते.

पदर निघाला तेव्हा मावशी भिंतीकडे वळली.

सिस्टरने हातमोजा बदलला, जखमेच्या कडेने बोट दाबत गेली, काळ्या भागापाशी म्हणाली, "इथे कळतंय का आजोबा? आणि इथे?" मामाआजोबा म्हणाले, "नाही." तिने पावलाचा अंगठा दाबला. "इथे?" "नाही." मग ती उठली, खिडकीशी जाऊन फोनवर हळू बोलली, आणि परत येऊन म्हणाली, "डॉक्टर दुपारी येतायत. तोवर मी साफ करते. दोन दिवसांत काळं वर सरकलं नाही तर ठीक. सरकलं तर गुडघ्याखालून..." तिने वाक्य सोडून दिलं. "शनिवारी मी आले असते ना, तर हे तेव्हाच दिसलं असतं मला. त्याआधीच्या शनिवारी तर नक्कीच. कोणाचा हा नियम?"

"खात्याचा आहे," मावशी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "विश्रांतीचं वर्ष."

"माझा होता," खोडरबर म्हणाली.

मावशी वळली.

"नियम नव्हता. मी एक ओळ लिहिली होती. नव्व्याण्णव म्हणजे वय माहीत नाही, असं धरून सगळे पुसले. त्यात आजोबा पुसले गेले. आणखी बावीस जण पण."

मावशीच्या हातात टॉवेल होता. तिने तो पलंगाच्या कडेवर ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. "तू रविवारी इथे बसली होतीस," ती म्हणाली. "म्हणालीस, असा नियम नाहीये."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"मी पंधरा दिवस हे धुतलं. या हातांनी. तुझ्याच ऑफिसात फोन करून थँक्यू म्हटलं मी."

"मावशी..."

"मला मावशी म्हणू नकोस आत्ता. आत्ता नको."

मामाआजोबांनी डोळे उघडले. त्यांनी खोडरबरकडे बघितलं, बराच वेळ. ती थांबली, काहीतरी येईल म्हणून, रागावणं, टोमणा, काहीही. ते म्हणाले, "पाणी," आणि मावशीने पेला त्यांच्या तोंडाला लावला, आणि ते प्यायले, आणि पुन्हा डोळे मिटले. तिच्यासाठी त्यांच्याकडे काही नव्हतं.

"आता भांडायला वेळ नाहीये," सिस्टर म्हणाली. "मला दोन हात कमी पडतायत. पाय वर धरायला हवा, स्थिर. ताईंचे हात कापतात. तुम्ही या इकडे."

खोडरबर पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसली. सिस्टरने टाच तिच्या ओंजळीत ठेवली. पाय वजनाला काहीच नव्हता, आणि गार होता.

"वर. अजून थोडा. हां, असाच. ते ओढतील, ओरडतील, तरी सोडायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही. कळलं?"

"हो."

सिस्टरने चिमटा घेतला. मामाआजोबा ओरडले, पाय झटकला, दुसऱ्या पायाने तिच्या खांद्यावर लाथ मारली. तिने सोडला नाही.